परिच्छेद सात

शांते,

तुझ्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण म्हणून न्यूमोनिया लिहिला आहे. ते खोटे नाही, आणि खोटे नाही म्हणूनच मला त्याचा अधिक संताप येतो. माणूस शेवटच्या पायरीवरून पडला एवढे नोंदवायचे आणि वरच्या पायऱ्या कोणी काढून नेल्या याचा उल्लेख टाळायचा, अशा जातीची ती नोंद आहे. दवाखान्याच्या खिडकीपाशी मी लेखी हरकत द्यायला उभा राहिलो होतो. तुझ्या नवऱ्याने, रंगरावदाजींनी, माझा दंड धरून मला बाजूला घेतले. "आण्णा, आता बास. तिला घरला न्यायचं हाय." मी बाजूला झालो. खिशातला कागद खिशातच राहिला.

परवा उचगावच्या विहारात तुझे पुण्यानुमोदन झाले. वंदना झाली, आणि मग माणसे एकेक उठून बोलली. बहुतेकांनी एकच गोष्ट फिरवून फिरवून सांगितली: शांताबाई नावाप्रमाणे शांत होत्या, कुणाला कधी मोठ्याने बोलल्या नाहीत, चेहऱ्यावर कधी राग दिसला नाही. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होतो. तू आणि शांत. कोर्टाच्या आवारात चिंचेखाली तुझे टायपिंगचे टेबल होते आणि तुझा आवाज माडीवर, दप्तरांच्या रॅकमागे बसलेल्या मला ऐकू यायचा. ज्या चेहऱ्याची ते तारीफ करत होते तो तुझा नव्हता. स्नायूंनी हुकूम पाळणे सोडल्यावर मागे उरलेला तो चेहरा होता. आजाराने माणूस बदलून ठेवावा आणि समाजाने त्या बदललेल्या माणसालाच श्रद्धांजली वाहावी, याविरुद्ध दाद कोठे मागायची हे मला कोणत्याही कायद्यात सापडलेले नाही.

म्हणून तू कशी होतीस ते मी लिहून ठेवतो. मी वकील नव्हतो, कोर्टातला कारकून होतो; पण कलमे वाचण्याची खोड मला लागली, आणि पत्रे लिहिण्याची त्याहून वाईट. बसथांब्याच्या पाटीवरची चूक, नळाचे गढूळ पाणी, खिडकीमागचा उद्धटपणा, कशालाही मी मोकळे सोडले नाही, आणि ती सगळी पत्रे तू टाइप केलीस. मधल्या सुट्टीत मी खाली येऊन मजकूर सांगायचो, तू वकिलांची रांग थांबवून मशीन बडवायचीस.

"आण्णा, 'अत्यंत खेदजनक' ह्या एका पानावर तीनदा आलंय."

"येऊ दे. खेद तेवढा आहे."

"खेद तुमचा, रिबन माझी. दोन काढते."

आणि तू खरोखर काढायचीस. माझे एकही पत्र तुझ्या हातून जसेच्या तसे गेले नाही. रांगेतला एखादा वकील घाई करू लागला की मान वर न करता म्हणायचीस, "पावणं, तुमचा अशील जेलात हाय. तो कुटं पळून चाललाय? बसा की." सारे आवार हसायचे, तो वकीलही. कधी तुझा वेग असा असायचा की माझे वाक्य संपण्याआधी तू पुढच्या ओळीची वाट पाहत थांबलेली असायचीस. "आज बोटं सुटल्यात," एवढेच म्हणायचीस. कधी मात्र तीच बोटे अडखळायची आणि तू माझ्यावर खेकसायचीस. मी कारण विचारले नाही. भावाने विचारावे असे ते वाटले नाही.

चारचौघांत तू मला 'तुम्ही' म्हणायचीस. मी पुष्कळ थोरला. राग अनावर झाला की मात्र त्याचा 'तू' व्हायचा, आणि मला कळायचे की आता माघार घ्यावी.

नव्वदचे दशक निम्मे सरले असेल. अंगावरून फार जाते म्हणून तुला शहरातल्या एका दवाखान्यात नेले आणि डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली. तुझी अजून चाळिशी यायची होती. आपल्या गल्लीत निम्म्या बायकांची पिशवी काढलेली. दात काढल्यासारखे ते बोलले जायचे. पिशवी काढण्यास संमती आहे, असे लिहिलेल्या कागदावर दाजींनी सही केली. मी भेटायला आलो तेव्हा तू खाटेवर टेकून बसली होतीस. "बरं झालं, आण्णा. आता बाजाराची पिशवी तेवढी सांभाळायची." तुझी वहिनी तोंडाला पदर लावून हसली. तुझा माझ्या स्मरणातला शेवटचा खणखणीत विनोद तो.

पुढे अंगातून वाफा निघू लागल्या, झोप गेली. शेजारणी म्हणाल्या, पिशवी काढली की असंच हुतंय. तू ते मान्य केलेस. पण मला बदल कळला तो वेगळ्या ठिकाणी. मी मजकूर सांगितला, तू टाइप केलास, मी वाचला, आणि 'अत्यंत खेदजनक' तीनदा आलेले तसेच होते. मी तुझ्याकडे पाहिले. तू पुढचा कागद लावत होतीस. पुढच्या पत्रातही तू काही काढले नाहीस, काही टोचून बोलली नाहीस. मी मुद्दाम एक वाक्य मूर्खासारखे सांगून पाहिले. तेही तू तसेच उतरवलेस. त्या दिवशी मी जेवलो नाही. हात थरथरण्याच्या कितीतरी आधी, शांते, तुझी हौस गेली होती, आणि ते कोणत्याही डॉक्टराला दाखवण्यासारखे लक्षण नव्हते.

मग काना दोनदा पडू लागला. मराठी मशीनवर कान्याची कळ वेगळी असते. तुझे बोट तिच्यावरून वेळेत उठेना. 'न्यायालय' या शब्दात एक काना जास्त उभा राहायचा. आधी एका पानावर एक, मग ओळीला एक. वकील कागद परत आणू लागले. एकाने माझ्यादेखत विचारले, "बाई, नशापाणी करताय का?" पूर्वीच्या तुझ्या तोंडून त्याला काय मिळाले असते याची मी कल्पना करत उभा राहिलो. तू फक्त कागद परत घेतलास. पुढे टेबलच उचलले गेले.

डॉक्टर पुष्कळ झाले. कोणी म्हणाला मनावर घेता, कोणी म्हणाला बायकांचे या वयात असेच, कोणी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. अखेर मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी तुला चालायला लावले, बोटे उघडमीट करायला लावली, हा कंपवात आहे, पार्किन्सन, असे सांगितले, आणि विचारले, "पाळी कधी बंद झाली?"

"पिशवी काढली तवाच की."

"फक्त पिशवी? दोन्ही बाजूंचे बीजांडकोश ठेवले होते ना?"

"पिशवी म्हंजे पिशवीच की वो बाई. त्यात काय काय असतंय ते मला काय म्हाईत?"

सोनोग्राफी केली. दोन्ही बाजूंना काही नव्हते. दवाखान्याच्या कार्डावर ते इंग्रजीत लिहिलेलेही होते, आणि ते आपल्यापैकी कोणाला कोणी वाचून दाखवले नव्हते. नंतर पिशवी काढणाऱ्या त्या डॉक्टरांना गाठले तेव्हा त्यांनी सांगितले, कुटुंब पूर्ण झालेय, ठेवून उपयोग काय, पुढे त्रास नको म्हणून सोबतच काढले. उपयोग काय, हा त्यांचा शब्द.

उपयोग मिरजेच्या बाईंनी सांगितला, तुला समजेल अशा भाषेत, आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. मेंदूच्या बुडाशी थोड्या पेशी असतात. त्या डोपामाइन नावाचे रसायन तयार करतात. हालचाल सुरू करायला ते लागते, आणि एखादी गोष्ट करावीशी वाटायलाही तेच लागते. बीजांडकोशांतून रक्तात येणारे इस्ट्रोजेन त्या कामाला हातभार लावते: डोपामाइन अधिक बनते, अधिक सुटते, लगेच शोषले जात नाही, त्या पेशी टिकायलाही मदत होते. वयाप्रमाणे पाळी जाते तेव्हा हा आधार हळूहळू कमी होतो. तुझा एका सकाळीत काढून घेतला गेला होता.

मग म्हणालीस, "म्हंजे माझी हौस पन त्यातनंच गेली व्हय? मला वाटलं, मीच तसली झाले."

त्या एका वाक्यासाठी मी पुढची सगळी वर्षे भांडलो. इतकी वर्षे तू स्वतःलाच आरोपी धरून बसली होतीस आणि आम्हांला पत्ता नव्हता.

मी बाईंना विचारले, "हा कंपवात त्यामुळेच झाला, असे लिहून द्याल?" त्या म्हणाल्या, "तसं झाल्यानं धोका वाढतो, असं म्हणता येईल. यांच्या बाबतीत त्यामुळेच झालं, हे मला सिद्ध करता येणार नाही." मी म्हणालो, "दिवाणी कायद्याला शक्यता जड असली की पुरते, डॉक्टर." त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिले. मला त्यांचा राग आला नाही. त्या खोटे बोलत नव्हत्या.

घरी येऊन मी तुझ्या वहिनीला विचारले, त्या दोन अवयवांना बायका आपापसांत काय म्हणतात? ती विचार करून म्हणाली, "काही नाही. सगळ्याला पिशवीच म्हणतो आम्ही." शांते, शिवीपासून शेणापर्यंत ज्या भाषेत प्रत्येक वस्तूला चार नावे आहेत, त्या भाषेच्या घरांत या अवयवांना एकही नाव नव्हते. ज्या वस्तूला नाव नाही ती चोरीला गेली अशी फिर्याद बाईने कोणत्या शब्दांत करायची? संमती पिशवीची होती. नेले ते निनावी होते. मी ठरवले की निदान एका न्यायिक कागदावर त्यांचे नाव येईल, आणि ती निरुपयोगी नव्हती असे एक वाक्य कोणीतरी सही-शिक्क्यासह लिहील. नुकसानभरपाई मागणे भाग होते म्हणून मागितली. मला ते वाक्य हवे होते.

ग्राहक मंचाकडे द्यायची तक्रार तूच टाइप केलीस. मिरजेच्या गोळीने तुझे हात थोडा वेळ तुला परत मिळायचे. उचगावच्या घरी, सोप्यात, मशीनवरचे फडके काढून तू बसलीस आणि दुपारच्या उजेडात तुझा जुना आवाज आला. "सांगा आता भरभर, गोळी उतरायच्या आत. आनि खेद कमी घाला." मी सांगू लागलो, तू बडवू लागलीस. मी 'बीजांडकोश' सांगितले की तू भुवई उचलायचीस. "हे कोनाला कळनार? पिशवी लिहू." मी म्हणालो, पिशवी लिहिले की आपण मेलो. तू हसलीस. अर्धेच, पण हसलीस.

परिच्छेद सातशी तू थांबलीस. तुझ्या बोटांचे आणि महिन्याचे जे नाते तू पूर्वी कधी तुझ्या वहिनीला सांगितले होतेस, आणि मिरजेहून आल्यावर तिने मला सांगितले, ते मी त्यात घातले होते. तू हात मांडीवर घेतलेस.

"हे मी टाइप करनार न्हाय."

"शांते, तोच खरा पुरावा आहे. ते अवयव होते तोवर बोटांवर त्यांचा अंमल होता, हे तुझ्याशिवाय कोण सांगणार?"

"ते मी वहिनीला सांगितलेलं. तुला न्हाय. कोर्टाला तर न्हायच न्हाय."

'तू' आला होता. मी तरीही रेटले.

"यात लाजण्यासारखे काय आहे?"

"तू बाई हायस व्हय? ज्यांचे अर्ज मी टाइप केले ती माणसं तिथं बसनार. त्यांच्याम्होरं त्यो वकील माझ्या पाळीचं मोठ्यानं वाचनार. आनि तू मान खाली घालून ऐकनार. मला म्हाईत न्हाय तुझी मान?"

"पुरावा असा टाकून देता येत नाही."

"पुरावा न्हाय त्यो. माझं अंग हाय."

मग तू 'परिच्छेद ७' एवढे टाइप केलेस, खाली चार बोटे जागा सोडलीस आणि आठवर गेलीस. म्हणालीस, पटलं तर भरू. गोळी उतरत होती. आठव्यात काने दोनदा पडू लागले होते. ती जागा कधी भरली गेली नाही. तक्रार तशीच दाखल झाली. माझ्या वकिलाने डोक्याला हात लावला. पण ज्या तक्रारीचा सारा मुद्दाच संमतीचा होता, तिच्यात तुझ्या संमतीवाचून मी एक ओळ तरी कशी घालणार होतो?

सुनावणीला समोरचा वकील उठून म्हणाला, परिच्छेद सातमध्ये तक्रारदारांना काहीच म्हणायचे नाही असे दिसते. लोक हसले. तुझा चेहरा हलला नाही. तो हलूच शकत नव्हता. हिला काही वाटत नाही, असे सर्वांनी धरले. आपण हरलो. निकालाचा आशय असा की लोकव्यवहारात पिशवी म्हटले की लगतचे सारे आलेच, म्हणून संमती होती. आणि आजाराशी संबंध दाखवणारे काही रेकॉर्डवर नाही. निकाल ऐकून बाहेर आल्यावर तू एवढेच म्हणालीस, "मी म्हनलं नव्हतं, त्यास्नी पिशवीच कळती?" मी चिडलो. तो वाद आपण रिक्षात अर्धवट सोडला. आजही मला कळत नाही की तू त्यांना हसत होतीस की मला.

मी तुझ्या नावाने वर अपील केले. तारखा पडत गेल्या, तू आखडत गेलीस. गोळीचा उजेड आखूड होत गेला. आणि आता अपीलदार तूच नाहीस.

शरीराच्या इजेचा दावा त्या शरीराबरोबरच संपतो, असे एक जुने तत्त्व आहे. इज्जत आणि देह यांची फिर्याद चितेवर त्यांच्यासोबतच जळते. वकील म्हणतात, त्यावर मतभेद आहेत, लढता येईल. पण वारसाने पुढे यायला हवे. मी वारस नाही. मी फक्त भाऊ आहे. पुण्यानुमोदनानंतर मी दाजींना विहाराच्या पायरीवर गाठले. फौंड्रीत राबून काळवंडलेले हात त्यांनी गुडघ्यांत दाबून धरले होते.

"आण्णा, त्या संमतीवर माझी सही हाय. दर तारखेला ती वाचून दाखवत्यात. तिच्याम्होरं. ती बघायची माझ्याकडं, आनि तिच्या तोंडावरनं काय बी कळायचं न्हाय मला. शिव्या देतीया का माफ करतीया, काय बी न्हाय. आता पुन्यांदा नको."

गडहिंग्लजला दिलेल्या तुझ्या लेकीनेही वडिलांचीच बाजू घेतली. प्रकरण पुढे चालवायचे नाही, असे दोघांनी लिहून दिले आहे. तो अर्ज मीच लिहून दिला, कारण त्यांना नीट लिहिता येत नव्हता. त्यात 'खेद' हा शब्द नाही.

म्हणजे ते वाक्य आता कोणी लिहिणार नाही. ज्यांनी काढले ते काढत राहतील. बायका वाफा सोसत राहतील आणि शेजारणी म्हणतील, असंच हुतंय. मी आणखी पत्रे लिहीन, त्यांना उत्तरे येणार नाहीत. आशा आहे असे लिहून मी तुझा अपमान करणार नाही.

तुझे मशीन दाजींनी मला दिले. आज मी एका बोटाने ते चालवायला बसलो आहे. माझाही काना दोनदा पडतो, म्हातारपणाने. तुझी इजा तुझ्याबरोबर संपली, असे कायदा म्हणतो. त्याच न्यायाने तुझी हरकतही संपली, असे म्हणेल. मला यातले एकही मान्य नाही. तरीही लिहितो.

परिच्छेद ७. तक्रारदार स्त्रीची पाळी संपल्यानंतरच्या दिवसांत तिची बोटे विलक्षण वेगाने व बिनचूक चालत, मन उल्हसित असे, आणि पाळी जवळ आली की तीच बोटे जड होत व कशातच मन लागत नसे. हे ती कित्येक वर्षे जाणून होती आणि त्याप्रमाणे अवघड कामे बेतून घेत असे. सदर शस्त्रक्रियेनंतर ती बोटे पुन्हा कधीही सुटली नाहीत. जे काढून नेले ते निरुपयोगी नव्हते.

हे मी तुझ्या संमतीवाचून लिहिले आहे. कागद अजून मशीनमध्येच आहे, काढलेला नाही. घे हरकत, शांते. मोठ्याने घे, माडीपर्यंत ऐकू येईल अशी. 'तू' म्हणून घे.